आय७ स्वस्त आणि आय५ महाग? मेकॅनिकलच्या मुलीसाठी लॅपटॉप, बजेट ७० हजार

वारणाकाठ | २ ऑगस्ट २०२५

नमस्कार. मुलीला कॅप राउंडमधून मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. सांगलीला हॉस्टेलवर राहणार आहे. लॅपटॉप घ्यायचाय, बजेट ७० हजार. अगदीच पटलं तर थोडं वर सरकू. कराडची दोन दुकानं आणि ऑनलाइन बघून चार पर्याय काढलेत.

१) इंटेल आय७-१३५५यू, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, पातळ आणि हलका. ६४ हजार.
२) आय५-१३४२०एच, आरटीएक्स ३०५० (६ जीबी), १६ जीबी रॅम. ६७ हजार.
३) एएमडीचा रायझन ७ ७४३५एचएस, तेच ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी. ६२ हजार.
४) मॅकबुक एअर एम४, विद्यार्थी सवलतीत ८९,९००.

दुकानदार पहिल्यावर अडून बसलाय. "मॅडम, आय७ आहे, डोळे झाकून घ्या. आय५ला जास्त पैसे कशाला देताय?" भाचा म्हणतो एएमडी घे, पैसे वाचतील. मुलीच्या दोन मैत्रिणी मॅक घेतायत, पण त्या कॉम्प्युटर ब्रँचला आहेत. मला मुळात हेच कळत नाहीये की आय७ आय५पेक्षा स्वस्त कसा? आणि बघायचं काय, कंपनी की किंमत की अजून काही?

चिंगी

दुकानदार "डोळे झाकून घ्या" म्हणाला की आधी चष्मा पुसायचा. वाचनखूण साठवते, आमच्याकडे पुढच्या वर्षी हाच कार्यक्रम आहे.

मेघदूत२१

थोडं वर सरकायची तयारी असेल तर सरळ मॅक घ्या. नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ एअर आला तेव्हा भारतात ९२,९०० होता. तो आजही नीट चालतो, आणि २०२५ची मॅकओएसची नवी आवृत्तीही त्याला मिळणार आहे. त्या सुमाराला घेतलेले पन्नास-साठ हजारांचे किती विंडोज लॅपटॉप आज बॅटरी आणि बिजागरीसकट धड आहेत? वर्षांनी भागाकार करा, मॅक महाग वाटणार नाही. शिवाय १.२४ किलो वजन, पंखाच नाही त्यामुळे आवाज नाही, आणि २०२४पासून बेस मॉडेललाच १६ जीबी मेमरी. जुना ८ जीबीचा आक्षेपही निकालात निघाला.

लोखंडी_पूल

@मेघदूत२१, भागाकार बरोबर आहे, पण मुलगी मेकॅनिकलला आहे हो. यंत्रांचे भाग डिझाइन करायचं सॉलिडवर्क्स मॅकवर नाही. कॅटिया नाही. क्रिओ नाही. ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहे, पण मेकॅनिकलवाल्याचं एकट्या ऑटोकॅडवर भागत नाही. पॅरलल्स नावाच्या सॉफ्टवेअरने मॅकवरच विंडोज टाकून सॉलिडवर्क्स चालवणारे आहेत, पण कंपनीचा त्याला पाठिंबा नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री ते बंद पडलं तर विचारायचं कुणाला?

मी चाकणला डिझाइनमध्ये आहे. आमच्याकडे येणाऱ्या ट्रेनी मुलांना पहिल्या दिवशी कॅडवरच (कॉम्प्युटरवरच्या डिझाइनवर) बसवतात. ज्याने कॉलेजात घरच्या मशीनवर रात्री बसून असेंब्ली (सुटे पार्ट जोडून अख्खं यंत्र) केल्यात, तो लगेच ओळखू येतो. म्हणून ताई, यादीतला चौथा पर्याय खोडा. मशीन उत्तम आहे, तुमच्या कामाचं नाही.

मेघदूत२१

मान्य. मेकॅनिकलसाठी माझा मुद्दा लागू नाही. कॉम्प्युटर ब्रँचच्या मैत्रिणींनी मात्र बिनधास्त घ्यावा.

सोल्डरवाला

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्या नंबराच्या शेवटच्या अक्षरात आहे. सविस्तर सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही आणि लोक दहा-दहा हजार घालवून बसतात.

इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरच्या शेवटी यू, पी किंवा एच असं अक्षर असतं. यू म्हणजे १५ वॉटची जात, एच म्हणजे ४५ वॉटची. दोन्ही थोडा वेळ त्याच्या बरेच वर जाऊ शकतात, पण दीर्घकाळ चालायचं कंपनीने ठरवलेलं बळ हे. आता तुमचे दोघे बघा. आय७-१३५५यूमध्ये मोठे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) फक्त २ आणि छोटे ८. आय५-१३४२०एचमध्ये मोठे ४, छोटे ४. बाराव्या पिढीपासून इंटेलने हे मोठे-छोटे कोअर एकत्र आणले, त्यामुळे खोक्यावर "१० कोअर" वाचून ८ कोअरवाला कमी वाटतो. जड कामात उलटं होतं. आय३, आय५, आय७ ही उतरंड त्या-त्या जातीच्या आतली आहे. यूमधला आय७ हा यूमधल्या आय५पेक्षा थोडा वर. एचमधल्या आय५शी त्याची तुलना त्या आकड्यावरून करताच येत नाही.

म्हणजे तुमचा आय७ स्वस्त नाहीच. ६४ हजारांत त्याच्यासोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पैसे पातळपणाचे आणि त्या "७" या आकड्याचे आहेत.

दुसरी गोष्ट, प्रोसेसरपेक्षाही मला मोठी वाटते. त्याच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप वेगवेगळे पळतात. गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी उघडे होते. एकात दोन पंखे, दोन जाड हीटपाइप, मागे आणि बाजूला जाळी. दुसऱ्यात एक पंखा, एकच पाइप, आणि गरम हवा बाहेर पडायची जागा नेमकी स्क्रीनच्या बिजागरीमागे. दोन्हीवर सिनेबेंचची, म्हणजे प्रोसेसरला दमवणारी, दहा मिनिटांची चाचणी लावली. पहिल्या मिनिटाला दोघे बरोबर होते. पाचव्या मिनिटापर्यंत एक पंखावाल्याचा वेग जवळपास निम्म्यावर आला, आणि कीबोर्डच्या मधल्या ओळीवर बोट ठेववेना. दोन पंख्यांवाला शेवटपर्यंत तसाच पळत होता. आणि दोन्ही एकाच कंपनीचे, फक्त मालिका वेगळी! त्यामुळे "अमुक कंपनी चांगली, तमुक वाईट" या वाक्याला माझ्या टेबलावर काही अर्थ उरत नाही. कंपनी-कंपनीत जितका फरक, त्यापेक्षा एकाच कंपनीच्या स्वस्त आणि बऱ्या मालिकेत जास्त.

साळुंकी

हे इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद सोल्डरवाला दादा. आमच्या घरातला आय७ का रडतो ते आज कळलं.

लोखंडी_पूल

@सोल्डरवाला, बहुतेक पटलं, पण एक दुरुस्ती. सॉलिडवर्क्समध्ये बदल केल्यावर मॉडेल रीबिल्ड होतं (नव्याने बांधलं जातं) ते मुख्यतः एकाच कोअरवर. तिथे १३५५यू ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि १३४२०एच ४.६पर्यंत. म्हणजे सुटे पार्ट काढताना, स्केच आणि एक्स्ट्रूड करताना, तो यूवाला आय७ मागे पडणार नाही, कदाचित कणभर पुढेच राहील. फरक पडेल तो रेंडरिंग, सिम्युलेशन आणि मोठी असेंब्ली फिरवताना. सिम्युलेशनच्या अॅन्सिसची विद्यार्थी आवृत्ती फुकट मिळते, त्यात मेशच्या (मॉडेलचे जे बारीक तुकडे पाडतात त्यांच्या) आकारावर मर्यादा आहे, पण सोडवायला लावली की एकापेक्षा जास्त कोअर लागतात.

आणि पहिलं वर्ष तर सगळ्या ब्रँचना जवळपास सारखंच असतं. ग्राफिक्सचा विषय, थोडं प्रोग्रॅमिंग. एवढ्याला काहीही चालेल. खरी गरज दुसऱ्या वर्षापासून.

सोल्डरवाला

@लोखंडी_पूल, एका कोअरचं तुमचं बरोबर आहे. पण मुलं सॉलिडवर्क्स एकटं उघडून कधी बसतात? बाजूला ब्राउझरमध्ये वीस टॅब, एक व्हिडिओ लेक्चर, मागे विंडोज अपडेट. दोन मोठ्या कोअरवर हे सगळं आलं की ते ५ गिगाहर्ट्झ कागदावर राहतं. चार वर्षं वापरायचंय, तर चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या हिशेबाने घ्या.

ताम्हिणी

पहिल्या वर्षाला काहीही चालतं तर पहिल्या वर्षी घ्यायचाच कशाला? कॉलेजच्या लॅबमध्ये भागवा, पुढच्या वर्षी त्याच पैशात नवी पिढी मिळेल.

वारणाकाठ

@ताम्हिणी, विचार केला होता. पण मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहणार आणि वर्गातल्या बाकीच्यांकडे असणार. तिला लॅबच्या वेळेसाठी ताटकळत ठेवायचं नाही मला. घ्यायचा तो आत्ताच.

गल्लीबोळ

धागा वाचून २००१-०२ सालचा लॅमिंग्टन रोड आठवला. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, खिशात भागांची यादी, आणि दुकानादुकानांतून भाव विचारत जायचं. तेव्हा हाच वाद होता, फक्त आकडे मेगाहर्ट्झचे होते. इंटेलच्या पेंटियम ४वर "१.८ गिगाहर्ट्झ" असं लिहिलेलं. शेजारी एएमडीचा अॅथलॉन एक्सपी १८००+. त्याचा खरा वेग १.५३ गिगाहर्ट्झ. गिऱ्हाईक म्हणायचं, कमी वेगाचा कशाला घेऊ? पण अॅथलॉन प्रत्येक फेऱ्यात जास्त काम उरकायचा, म्हणून एएमडीने खरा आकडा मागे ठेवून ते १८००+ नाव दिलं होतं. त्या वेळचा पेंटियम ४ बहुतेक कामांत त्याच्या पुढे नव्हता आणि किंमत मात्र जास्त. घराघरात तरी पेंटियमच गेला, कारण टीव्हीवर ती चार सुरांची धून वाजायची आणि बाबांना "पेंटियम" हा शब्द माहीत होता.

"एएमडी गरम होतो" हे वाक्यही त्याच काळातलं. जुन्या अॅथलॉनचा हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) निघाला तर चिप जळून जायची, कारण वेग आपोआप कमी करून स्वतःला वाचवायची सोय तिच्यात नव्हती. पेंटियम ४मध्ये होती. म्हणजे वाक्य अगदीच निराधार नव्हतं. पण २००४मध्ये प्रेस्कॉट नावाचा पेंटियम ४ आला, तो इतका तापायचा की इंटेललाच पुढे तो रस्ता सोडावा लागला. आणि आजही दुकानात "एएमडी गरम होतो" ऐकू येतं. वीस वर्षांपूर्वीच्या चिपचा गुण आजच्या चिपला चिकटवून विकतात, याचा मला खरंच राग येतो. मार्च २०१७मध्ये पहिला रायझन आला तेव्हापासून चित्र पार बदललंय. ताईंच्या भाच्याचं म्हणणं चुकीचं नाही.

निर्मळ

@गल्लीबोळ, धुनेपेक्षा मोठं कारण पडद्यामागे होतं. एएमडी न घेण्यासाठी किंवा कमी घेण्यासाठी इंटेलने संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना सवलती दिल्या, असा ठपका ठेवून युरोपियन कमिशनने २००९मध्ये तिला १.०६ अब्ज युरो दंड केला. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १.२५ अब्ज डॉलर देऊन आपसातले दावे मिटवले. दंडाचं प्रकरण पुढे कोर्टात वर्षानुवर्षं चाललं, २०२२मध्ये सवलतींबाबतचा निर्णय आणि तो दंड रद्द झाला, २०२४मध्ये वरच्या कोर्टानेही ते कायम ठेवलं. त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या भागासाठी २०२३मध्ये कमिशनने नव्याने ३७६ दशलक्ष युरोचा दंड लावला. सांगायचं ते एवढंच की दुकानात एखादा माल जास्त दिसतो तो चांगला म्हणूनच दिसतो असं नाही. दुकानदाराला कशावर जास्त सुटतं हेही बघावं.

भाऊसाहेब_लातूर

दुकानदारांना सरसकट झोडपू नका. मी छोटं दुकान चालवतो. ऑनलाइनवाल्याच्या भावात आम्हाला मालच मिळत नाही. पण लॅपटॉप बिघडला की गिऱ्हाईक आमच्या काउंटरवर येतं, ऑनलाइनवाल्याकडे नाही. आणि एक कामाचं सांगतो: भावाच्या आधी वॉरंटीचा प्रकार विचारा. ऑनसाइट म्हणजे माणूस घरी येतो. कॅरी-इन म्हणजे तुम्ही सेंटरला न्यायचा, आणि तालुक्याच्या गावाहून सेंटर म्हणजे एक अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं. बऱ्याच स्वस्त मॉडेलना एकच वर्ष वॉरंटी असते. वाढीव वॉरंटी आणि पडझडीचं संरक्षण दोन्ही वेगवेगळं असतं, आणि हॉस्टेलवर पडझडीचं जास्त उपयोगी. बेडवरून खाली येतोच.

ऑरेंज_सिटी

नागपूरकर म्हणून उन्हाळ्याबद्दल बोलतो. मे महिन्यात बाहेर ४५, हॉस्टेलच्या खोलीत पंखा, कूलर असला तर नशीब. कंपनी जे आकडे देते ते वातानुकूलित खोलीतले. गादीवर ठेवून वापरला की खालची जाळी बंद, मग कुठल्याही कंपनीचा असो, वेग पडणारच. कूलिंग पॅडपेक्षा साधं लाकडी पाट किंवा जाड पुस्तक मागच्या बाजूला खाली सरकवलं तरी फरक पडतो. सांगलीचा उन्हाळा आमच्याइतका नाही, पण कमीही नाही.

चिंगी

म्हणजे जाड पुस्तकांचा इंजिनिअरिंगला शेवटी उपयोग होतो तर! मुलाला सांगते.

सीए_ऋतुजा

थोडं अवांतर. किमतीच्या मोहात कुणी स्नॅपड्रॅगनवाला विंडोज लॅपटॉप बघत असेल तर एक इशारा. बॅटरी उत्तम असते, पातळ असतात, जून २०२४पासून बरेच आलेत. पण तो एआरएम, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर. नेहमीची सॉफ्टवेअर्स रूपांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत, ते एआरएमसाठीच लिहिलेले लागतात. आमच्याकडे डीएससीचा (डिजिटल सहीचा) यूएसबी टोकन रोज लागतो, जीएसटी, एमसीए, ई-टेंडर सगळ्याला. ऑफिसमधल्या एका मुलीने असा लॅपटॉप आणला आणि टोकन ओळखेचना. शेवटी फायलिंगसाठी ती ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपवरच बसते. जुना प्रिंटर, डीएससी, कुठलं तरी डाँगल असलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल तर घेण्याआधी दुकानात लावून बघा.

लोखंडी_पूल

कॅडलाही तेच लागू. एआरएम विंडोजवर सॉलिडवर्क्सला अधिकृत पाठिंबा नाही.

बुधवारपेठ

सेकंडहँडचा कुणी विचार केला का? ऑफिसांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बाजारात भरपूर मिळतात. बिझनेस मालिका, मजबूत हिंज, कीबोर्ड अप्रतिम. थिंकपॅड टी४८० अजून चालवतोय, रॅमचे दोन स्लॉट, मागची बॅटरी हाताने काढता येते, इंटेलच्या आठव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज ११ला पात्र. याच्या आधीच्या पिढीचं काही घेऊ नका. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५पर्यंतच, आणि सातव्या पिढीपर्यंतची जवळपास सगळी मशीनं ११च्या यादीत नाहीत. दुकानदार सध्या तीच मशीनं "स्वस्तात" काढतायत.

सोल्डरवाला

@बुधवारपेठ, टी४८० मलाही प्रिय, पण कॅडसाठी चार कोअरचं मशीन २०२५मध्ये चार वर्षांसाठी घेऊ नये. बी.कॉम., बी.ए., लेखन, बँकेची परीक्षा यांसाठी जरूर.

ताई, आता तुमच्या दोन आणि तीनबद्दल, कारण खरी निवड तिथेच आहे. रायझन ७ ७४३५एचएसमध्ये ८ कोअर, १६ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). सगळे कोअर मोठे. नुसत्या ताकदीत तो १३४२०एचच्या पुढे, आणि ५ हजारांनी स्वस्त. पण तो स्वस्त का आहे ते ऐका. त्याच्या आत स्वतःचं ग्राफिक्स नाही. इतर लॅपटॉपमध्ये साधं काम करताना वेगळं कार्ड झोपलेलं असतं, स्क्रीन प्रोसेसरचं आतलं ग्राफिक्स चालवतं. इथे ती सोयच नाही, म्हणून नोट्स लिहितानाही आरटीएक्स जागं. बॅटरी भराभर उतरते आणि पंखा बऱ्याचदा सुरू राहतो. मशीन टेबलावर, कायम चार्जरला लावून वापरणाऱ्यासाठी हा सौदा फार चांगला आहे. वर्गात नेऊन वापरायचा असेल तर नाही.

१३४२०एचमध्ये आतलं ग्राफिक्स आहे. बॅटरी फार चालेल असं मी म्हणणार नाही, पण दोन लेक्चर काढेल.

वारणाकाठ

@सोल्डरवाला, हे फार कामाचं. मुलगी म्हणते वर्गात दर मुलामागे प्लग नसणार आणि लॅपटॉप रोज न्यावा लागेल. म्हणजे रायझन बाद? भाचा नाराज होईल.

गल्लीबोळ

भाच्याला सांगा, रायझन बाद नाही, हा एक मॉडेल नंबर बाद. ७६४०एचएस किंवा ७८४०एचएस या बजेटमध्ये सेलमध्ये दिसला तर तो दोघांनाही मागे टाकेल. त्यात आतलं ग्राफिक्सही चांगलं आहे.

हिंगणवेढा

आरटीएक्सचं पण असंच असतं ना? माझा भाऊ म्हणतो त्याचं ४०५० मित्राच्या ४०५०पेक्षा हळू आहे, आणि दोघांचं भांडण चालू आहे.

सोल्डरवाला

@हिंगणवेढा, दोघांचंही खरं असेल. ४०५० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही बळावर बसवता येतं, कंपनी ठरवते. नाव एकच. मॉडेलच्या माहितीत "टीजीपी" किंवा "मॅक्स ग्राफिक्स पॉवर" असा आकडा शोधायचा. लिहिलेलाच नसेल तर कमी आहे असं धरून चालायचं.

भाऊसाहेब_लातूर

वारणाकाठ ताई, घरात कुणाचा व्यवसाय असेल तर बिल जीएसटी नंबरवर घ्या. १८ टक्के परत मिळतात. ६७ हजारांत दहा हजारांवर कर आहे.

सीए_ऋतुजा

@भाऊसाहेब, नाही हो. मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर इनपुट क्रेडिट बसत नाही, वस्तू व्यवसायासाठी वापरली पाहिजे. असे सल्ले सर्रास दिले जातात आणि नोटीस आली की लोक आमच्याकडे रडत येतात. बिल मात्र पक्कंच घ्या, मुलीच्या किंवा पालकांच्या नावावर, सिरियल नंबर छापलेलं. वॉरंटीच्या वेळी तेच मागतात.

भाऊसाहेब_लातूर

बरोबर आहे तुमचं. व्यवसायासाठी असेल तरच.

पाऊलवाट

स्क्रीनबद्दल कुणी बोललंच नाही. मी ग्राफिक डिझाइनमध्ये आहे. पन्नास ते सत्तर हजारांच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या पैसे वाचवतात ते इथेच. "फुल एचडी आयपीएस" एवढंच लिहितात, पण खाली बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी (रंगांचा आवाका) आणि २५० निट्स (उजेड) असतं. म्हणजे लाल रंग विटकरी दिसतो, आणि खिडकीशेजारी बसलं की स्वतःचा चेहराच जास्त दिसतो. मेकॅनिकलला रंग अचूक नसले तरी चालतील, पण चार वर्षं रोज सहा-सात तास बघायचंय त्या मुलीला. डोळ्यांची किंमत धरा. ३०० निट्स तरी हवेत, रंगांचं १०० टक्के एसआरजीबी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

साळुंकी

+१. माझ्या मुलाचा स्क्रीन असाच फिकट आहे, पडदे ओढून बसतो बिचारा.

वारणाकाठ | ९ ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल साताऱ्याला जाऊन आलो. मुलगी यादीच घेऊन गेली होती: शेवटचं अक्षर, पंखे किती, टीजीपी, निट्स, रॅमचा स्लॉट रिकामा आहे का, ऑनसाइट की कॅरी-इन. दुकानातला मुलगा आधी चपापला, मग त्यालाही रस आला आणि त्याने स्वतःहून दोन मॉडेल उघडून टास्क मॅनेजरमध्ये स्लॉट दाखवले. आमच्या यादीतल्या आय५वाल्याची स्क्रीन २५० निट्सची निघाली. त्याच कंपनीची वरची मालिका, तोच १३४२०एच, तेच कार्ड, पण दोन पंखे आणि ३०० निट्स, ७१,५००ला मिळत होती. रॅम १६ची एकच पट्टी, दुसरा स्लॉट मोकळा. तोच ठरवला. ऑनसाइट वॉरंटी आणि पडझडीचं संरक्षण वेगळे पैसे भरून घेतलं. वजन २.३ किलो आणि चार्जर वेगळा, तेवढं मुलीला पेलावं लागेल. ती म्हणाली आई, चालेल.

लोखंडी_पूल

उत्तम. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कचा शैक्षणिक परवाना कॉलेजच्या ईमेलवर फुकट मिळतो, फ्युजन आणि इन्व्हेंटर दोन्ही. सॉलिडवर्क्सचं कॉलेजकडे विचारा, बऱ्याच कॉलेजांकडे विद्यार्थ्यांसाठी परवाने असतात. चोरीची आवृत्ती टाकू देऊ नका. त्यातून व्हायरस येतो आणि मग सोल्डरवाल्यांचं काम वाढतं.

सोल्डरवाला

पहिल्या आठवड्यात दोन कामं करा. सिनेबेंच दहा मिनिटं चालवून बघा, काही गडबड असेल तर बदलून मिळण्याच्या मुदतीत कळेल. आणि कंपनीच्या अॅपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती हॉस्टेलवर चार्जरला लावून वापरताना चालू ठेवा. रॅम आत्ता वाढवू नका. लागली तर त्याच वेगाची दुसरी पट्टी टाका, दोन पट्ट्या जोडीने चालल्या की आतलं ग्राफिक्सही सुधारतं.

मेघदूत२१

अभिनंदन ताई, मुलीलाही शुभेच्छा. लोखंडी_पूलसाहेब, चाकणला जागा ठेवा.

कवठेमहांकाळ

माझाही प्रश्न इथेच विचारतो, वेगळा धागा नको. पुतण्या बी.एस्सी.ला आहे, बजेट ४० हजार. दोन मिळतायत: रायझन ५ ७५२०यू ३६ हजारांत, रायझन ५ ७५३०यू ३९,५००ला. एका आकड्याचा फरक, साडेतीन हजार जास्त का द्यायचे?

सोल्डरवाला

द्या. डोळे उघडे ठेवून द्या. रायझनच्या या ७००० मालिकेत डावीकडून तिसरा आकडा बघायचा, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. ७५२०यूमध्ये तिसरा आकडा २, म्हणजे २०१९ सालची रचना, ४ कोअर ८ थ्रेड. ७५३०यूमध्ये झेन ३, ६ कोअर १२ थ्रेड. दोन्हींवर "रायझन ५" आणि "७०००"च छापलेलं. शिवाय ७५२०यूची रॅम बोर्डावर पक्की असते, ८ जीबीचा घेतला तर आयुष्यभर ८च. ७५३०यूच्या बऱ्याच मॉडेलमध्ये स्लॉट असतो, पण त्या विशिष्ट मॉडेलचा तपासून घ्या. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, नुसतं "रायझन ५ लॅपटॉप" नको.

कवठेमहांकाळ

दुकानदाराला फोन केला. स्लॉट आहे, ८ जीबी पट्टी लावलेली, मोकळ्या जागी अजून एक बसते. उद्या जातोय.